हाफटाइमचं पाणी

२० ऑगस्ट १९५६, सोमवार

धानाची रोवणी संपली आणि मुलं शाळेत परतली. त्यांच्या पायांना अजून बांधीचा चिखल आहे आणि वर्गाला त्याचा वास. या मुलांची हॉकी टीम करून नोव्हेंबरात चांद्याच्या स्पर्धेला न्यायची, असा हुकूम हेडमास्तरांनी आज तोंडातलं पान न थुंकता सोडला. पानाचे दोन शिंतोडे माझ्या सदऱ्यावर आले. ते त्यांनी पाहिले आणि दुसरीकडे बघितलं.

चूक माझीच. भूगोल आणि ड्रिल शिकवायला इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगून बसलो की कामठीला कॅम्पच्या मैदानावर मी लहानपणापासून हॉकी खेळलो आहे. आता भोगा.

संध्याकाळी मैदान पाहून आलो. मैदान कसलं, तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाच्या पायथ्याचं गायरान. एका गोलपोस्टला रेडा बांधलेला होता. दुसरा गोलपोस्ट कुणीतरी मांडवासाठी उपटून नेला आहे. सगळीकडे शेण. रात्री नीलाबाईच्या खानावळीत पुन्हा लाखोळीची डाळ. या गावात दुसरी डाळ पिकत नाही की काय?

एकच गोष्ट बरी. चांद्याच्या एका हायस्कूलात जानेवारीपासून ड्रिल मास्तरची जागा निघणार आहे. तिथले हेडमास्तर मला म्हणाले होते, टीम घेऊन या, खेळ दाखवा, मग बोलू. तेवढ्यासाठी हे शेण तुडवायचं.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

टीम निवडली. शाळेच्या स्टिका सहा, त्यातल्या दोन उंदरांनी चघळलेल्या. बाकीच्या मुलांनी जंगलातून वाकडी लाकडं तोडून आणली. बूट कुणाकडेच नाहीत. गोलकीपर वारलू हा ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा मुलगा. त्याने बांबूच्या कामट्यांत धानाची तणस भरून पायाला पॅड बांधले. ते ओले झाले की त्यांना जो वास सुटतो तो मला इथे लिहवत नाही.

कॅप्टन मनसाराम. तो संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे गुणवंतरावांचा पुतण्या. गुणवंतराव मालगुजारी जाण्याआधी गावाचे मालगुजार होते, त्यामुळे कॅप्टन कोण हे मला कुणी विचारलं नाही. पोरगा वाईट नाही. धावतो.

सेंटर हाफ मात्र सापडला. लटारू, नवव्या वर्गातला, महारवाड्यात राहतो. चेंडू त्याच्याकडे गेला की मैदानावरचा गोंधळ थांबतो. मान वर करून बघतो आणि मगच पास देतो. हे शिकवून येत नाही. इतक्या घाणीत हे एक मिळालं.

३ सप्टेंबर, सोमवार

हाफटाइमचा वीट आला.

शिपाई बुधू शाळेतून पाण्याची घागर घेऊन येतो. आधी मनसाराम गडू बुडवून पितो, मग बाकीचे. लटारू आणि त्याच्या वाड्यातली दोन मुलं बाजूला उकिडवी बसून ओंजळ धरतात. सगळ्यांचं झालं की बुधू त्यांच्या ओंजळीत वरून धार सोडणार. पण बुधू म्हणजे बुधू. घागर ठेवील, कमरेची चंची काढील, तंबाखू मळील. तोवर वेळ संपतो. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, माझी शिट्टी कुणासाठी थांबत नाही. ते तिघं कोरड्या तोंडाने उठतात आणि दुसऱ्या हाफमध्ये माझा सेंटर हाफ मेल्यासारखा खेळतो.

हेडमास्तरांकडे गेलो. म्हणालो, अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन वर्ष उलटलं, हे काय चाललंय? ते म्हणाले, शाळेत असा नियम कुठे लिहिलाय, दाखवा. नियम नाहीच आहे, बुधूची सवय आहे. मग बुधूला सांगा, म्हटलं. तर म्हणाले, बुधू गुणवंतरावांनी ठेवलेला माणूस आहे.

या लोकांची मला शिसारी येते. कामठीच्या मैदानावर आम्ही सगळ्या जातीचे खेळायचो, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मला जातपात ठाऊक नाही. मला हॉकी ठाऊक आहे.

६ सप्टेंबर, गुरुवार

तोडगा काढला. आजपासून हाफटाइमला पाणी बंद. कुणालाच नाही.

मुलांना सांगितलं की पलटणीतले खेळाडू सामन्याच्या मध्ये पाणी पीत नसत, पोट जड होतं, पाय ओढतात. ही शिस्त आहे आणि शिस्तीत सगळे सारखे. बुधूला घागरीसकट परत पाठवलं. तो खूश झाला. हेडमास्तर खूश झाले. कुणाशी भांडण नाही, कुणाचं नाव घ्यायला नको, प्रश्न सुटला. मी स्वतःवर बराच खूश आहे. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

११ सप्टेंबर, मंगळवार

आज उन्हात मनसाराम आडवा झाला. तोंडावर पाणी मारून उठवला. नाजूक आहेत ही पोरं.

१९ सप्टेंबर, बुधवार

गेले चार-पाच दिवस दुसऱ्या हाफमध्ये टीम चांगली पळते आहे. शिस्त लागली असं वाटलं होतं. आज खरं कळलं.

हाफटाइमची शिट्टी झाली की सगळे पूर्वेकडच्या गोलामागे पाळ चढून पलीकडे जातात आणि ओल्या हनुवट्या, चिखलाचे गुडघे घेऊन परततात. बिड्या ओढत असतील म्हणून मी आज मागोमाग गेलो. सगळी टीम तलावाच्या काठावर गुडघ्यांवर ओणवी, ओळीने, ओंजळी भरभरून पाणी पीत होती. हाताच्या अंतरावर म्हशी बसल्या होत्या. एकीने माझ्यादेखत शेपटी वर केली.

मला उमासाच आला. ओरडलो, पटकी होऊन मराल. सगळे उभे राहिले. वारलूने घाबरत सांगितलं, "इथी गाळ नाई जी सर. मी सांगून देतो कुठी पेयाचं ते." त्याचा बाप याच तलावात जाळं टाकतो, म्हणजे त्याला माशांचं कळत असेल. माणसांचं नाही.

एक गोष्ट डोळ्यांत राहिली. त्या ओळीत लटारूच्या एका बाजूला मनसाराम होता आणि दुसऱ्या बाजूला वारलू. पाणी उडवत होते एकमेकांवर. घरच्या घागरीला जे चालत नाही ते म्हशींच्या डबक्यात चालतं. जनावरांबरोबर प्यायला बसलं की माणसाची शुद्ध हरपत असावी, असं मनात आलं.

बंदी पुन्हा सांगितली. पण यापुढे पाळीपलीकडे जाणार नाही. पळताहेत तर पळू देत.

८ ऑक्टोबर, सोमवार

गुणवंतरावांनी दिलेल्या कापडाचे पांढरे शर्ट शिवून आले. त्यानिमित्त सभा. खुर्चीत बसून गुणवंतराव खेळाने माणूस कसा निर्मळ होतो यावर बोलले. बोलता बोलता खुर्चीखाली खाकरून थुंकले.

शर्ट ज्याच्या त्याच्या घरी दिले आणि बजावलं की स्पर्धेपर्यंत घडी मोडायची नाही. लटारूने शर्ट दोन्ही हातांवर घेतला आणि तसाच धरून घरी गेला. असल्या मुलांना नव्या कापडाचं फार.

१५ ऑक्टोबर, सोमवार

काल दसरा झाला. आज लटारू आणि त्याचे दोन सोबती गैरहजर. महारवाडा निम्मा रिकामा आहे. काही मंडळी नागपूरला गेली, बाकीची उद्या चांद्याला जाणार आहेत. बुद्धाचा धर्म घेणार म्हणतात. कुणी बैलबंडीने, कुणी पायी.

माझी हरकत नाही. ज्याचा त्याचा धर्म. पण स्पर्धेला महिना उरला असताना सेंटर हाफने दांडी मारायची? देवधर्म म्हटला की या देशात कुणाला कामाची शरम राहत नाही. सेंटर हाफच्या जागी मनसारामला घातला. त्याने चेंडू दोनदा तलावात घालवला.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

तिघं परत आली. लटारू आज असा खेळला की मी शिट्टी वाजवायचं विसरलो. त्याच्या चालण्यातच काही फरक पडला आहे. विश्रांती मिळाली म्हणून असेल.

संध्याकाळी गुणवंतरावांचं बोलावणं. ओसरीवर हेडमास्तर आधीच बसलेले. चांद्याला दीक्षेच्या मैदानावर कुणीतरी लटारूला पाहिलं होतं, संस्थेच्या शर्टात.

गुणवंतराव म्हणाले, "मास्तर, कापड म्या देल्लं. खेळासाठी देल्लं. ते पोट्टं माह्या कापडात तिथी जाऊन काऊन बसलं?"

मी म्हटलं, मुलगा आहे, चुकला असेल. ते म्हणाले की शर्ट परत पाहिजे आणि ते पोरगं टीममध्ये नको. हेडमास्तरांनी मान डोलावली. त्यांची मान कुणाच्याही बोलण्यावर डोलते, तिला हाड आहे की नाही कोण जाणे. मला तिथला चहा जाईना. लटारू नसेल तर चांद्याला जाण्यात अर्थ नाही, आणि चांद्याला गेलो नाही तर मी या डाळीत आणि शेणात म्हातारा होणार.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

लटारूच्या घरी गेलो. वाड्यात मी पहिल्यांदाच गेलो. दारं सारवलेली, अंगण झाडलेलं. गावातल्या इतर वस्तीपेक्षा स्वच्छ निघालं, याचा मला उगाच राग आला. कोनाड्यातले देव काढलेले होते, त्यांची जागा नुसती पांढरी दिसत होती.

त्याची आई भागीरथाबाई बाहेर आली. शर्ट हवा म्हटल्यावर तिने तो आणला. धुतलेला, घडी केलेला.

"घ्या जी मास्तर," ती म्हणाली. "पांढरे कपडे घालून या म्हनून सांगतलं होतं. घरी पांढरं येवढंच होतं. तिथी सारे उभे राह्यले तवा माहा पोरगाबी हाच घालून उभा होता. डाग नाई पडू देल्ला."

मी शर्ट घेतला. पाणी घेता का, असं तिने विचारलं. उशीर होतोय म्हणालो आणि निघालो. उशीर होत होताच.

शर्ट गुणवंतरावांकडे नेला तर ते हात लावेनात. बुधूने काठीच्या टोकाने उचलून शाळेच्या सामानाच्या खोलीत खिळ्याला अडकवला. कापड यांचं, तरी यांनाच शिववत नाही. ओकारी येते.

२२ ऑक्टोबर, सोमवार

जमवलं. गुणवंतरावांना सांगितलं, लटारू नसला तर आपण पहिल्याच सामन्यात हरणार आणि अध्यक्ष म्हणून तुम्ही खुर्चीत बसलेले असाल. हे त्यांना पटलं. अट अशी की तो खेळेल, पण संस्थेचा शर्ट नाही आणि पाणीबिणी सगळं रीतीने. मी म्हटलं, पाणी तर मी बंदच केलंय सगळ्यांचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पोट हलेपर्यंत हसले. "हुशार आहात मास्तर," म्हणाले. पाठीवर थाप मारली.

त्या थापेची जागा अजून बोचते आहे. मी हॉकीसाठी केलं होतं ते.

लटारूला हे सांगितलं तेव्हा तो स्टिक पुसत होता. म्हणाला, "खेळन जी सर. पन ओंजळीत वरून नाई पेनार आता."

वरून कोण पाजतंय, म्हटलं. पाणी तर बंद आहे.

"तुमी पानी कोनासाठी बंद केलं, सर?"

सगळ्यांसाठी, म्हटलं.

"आमची पाळी येत नोयती म्हनून ना? मंग पाळी आनायची होती जी. पानी काऊन बंद केलं?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, हाच वैताग. मी शिस्तीचं आणि पलटणीचं पुन्हा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि स्टिक पुसत राहिला. याच्यासाठी मी गुणवंतरावांची ओसरी झिजवली आणि वर हे. उपकाराची जाणीव नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो. हेडमास्तर दिवसभर नव्या शिक्क्याची काळजी करत होते. डाळ तीच होती.

२४ नोव्हेंबर, शनिवार. चांदा

काल पहाटे बंड्या जोडून निघालो आणि पुढे मोटार मिळाली. धुळीने माखलेली, आत कुणीतरी सुकी मासळी घेऊन बसलेलं. वारलू म्हणाला, चांगली मासळी हाये सर. मी नाकाला रुमाल लावून बसलो.

आज पहिला सामना ब्रह्मपुरीशी. लटारू घरच्या खाकी सदऱ्यात मैदानात उतरला तर पंचाने अडवलं. अकराही खेळाडू एका रंगात हवेत, नाहीतर दहा जणांनी खेळा. मला वाटलंच होतं. निघताना मी सामानाच्या खोलीतला तो शर्ट खिळ्यावरून काढून माझ्या पिशवीत घातला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. लटारूला दिला. त्याने बाह्या नीट केल्या, बटणं लावली आणि गेला.

आम्ही दोन गोलांनी जिंकलो. दुसरा लटारूचा. गुणवंतराव खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. लांबून त्यांना सगळे पांढरे एकसारखेच दिसले. मला विचारलं, "कोनाचा पोरगा हाये तो?"

आपल्याच शाळेचा, मी म्हणालो.

खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही. ब्रह्मपुरीच्या मुलांनी जाताना लटारूचा हात हातात घेतला.

२५ नोव्हेंबर, रविवार. चांदा

अंतिम सामना जिंकला, शील्ड आपल्याकडे आली. जे घडलं ते आधी लिहून टाकतो, नाहीतर लिहिणार नाही.

पहिला हाफ बिनगोल. ऊन नोव्हेंबराचं, तरी पोरं घामाने निथळलेली. इथे पाळ नाही, तलाव नाही. यजमान शाळेने कडुनिंबाखाली पाण्याचा रांजण आणि दोन पितळी पेले ठेवले होते. त्यांचा शिपाई म्हणाला, वाटा तुमचं तुम्ही. मी बंदी सांगायला तोंड उघडलं, पण मुलांच्या ओठांकडे पाहून नाही सांगवली. पेला बुडवून मनसारामला दिला. तो प्यायला. माझ्या शेजारीच खुर्ची ओढून गुणवंतराव बसले होते. आता जवळून त्यांनी लटारूला ओळखलं, शर्टासकट. नुसतं माझ्या हाताकडे बघत राहिले.

पुढे लटारू होता. त्याने एक हात पुढे केला, पेल्यासाठी.

आणि माझा हात वर गेला.

मी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं ठरवलं. पेला भरलेला होता, तो मी त्याच्या हातात द्यायच्या ऐवजी उंच धरला आणि तिरपा केला, बुधू करतो तसा. लटारूने ओंजळ केली नाही. हात तसाच ठेवला, एकच, उघडा. पाणी त्याच्या बोटांवरून गेलं आणि पायाशी मातीत पडलं.

तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. सोपा पास कुणी चुकवला की बघतो तसा. मग शर्टाला हात पुसला आणि मैदानात जाऊन उभा राहिला.

त्याच्यामागे वारलू होता. मी पेला पुन्हा भरून त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही. "तहान नाई जी," म्हणाला. त्याच्यामागचे कुणीच पुढे आले नाहीत. मनसाराम तेवढा आधी पिऊन बसला होता. सबंध दुसरा हाफ तो कुणाच्या तोंडाकडे न बघता खेळला.

शेवटच्या मिनिटांत लटारूने पास दिला आणि गोल मनसारामने मारला. तो पास असा होता की तिथे खांब असता तरी गोल झाला असता.

लोक नाचले. मला उजवा हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत सत्कार. हेडमास्तर भाषणात म्हणाले की अंतिम सामन्यात आपल्या मुलांनी पाण्याचा थेंब न घेता विजय मिळवला, हे डाखोरे मास्तरांच्या, म्हणजे माझ्या, शिस्तीचं फळ आहे, आणि इतर शाळांनीही ही पद्धत उचलावी. टाळ्या. गुणवंतरावांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि कानात म्हणाले, "शर्टाचं म्या पाह्यलं. पानीबी पाह्यलं. फिटंफाट."

हार काढून मी खुर्चीच्या पाठीला अडकवला.

समोर टीम ओळीने बसली होती. कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटायचं या गावाची घाण आहे ती, डाळीची, पानाची, शेणाची, आणि मी तिच्यात येऊन पडलोय. आता जेवायला बसलो की हाताचा घास तोंडापर्यंत येतो आणि तिथे अडतो. नीलाबाईने विचारलं, डाळ नाई आवडली का जी? आवडली, म्हणालो. डाळीचा काही दोष नाही.

चांद्याच्या जागेचं पक्कं झालं. एक जानेवारीपासून या, असं तिथल्या हेडमास्तरांनी मैदानावरच सांगितलं होतं. हे लिहायचं राहून गेलं होतं.

७ डिसेंबर, शुक्रवार

काल मेलबर्नला आपण पाकिस्तानला एका गोलाने हरवलं. ऑलिंपिकचं सोनं पुन्हा आपलं. महिनाभर मी या बातमीची वाट बघत होतो. गुणवंतरावांच्या ओसरीवर रेडिओ आहे, तिथे गावातली सगळी मानाची माणसं जमली होती.

त्याच रेडिओवर दुसरी बातमी होती. दिल्लीला बाबासाहेब गेले. गुणवंतरावांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. म्हणाले, आपलं ऐकून झालं.

आज शाळेत पेढे वाटले. लटारू आणि ते दोघं आले नाहीत. मी माझा पेढा खिशात ठेवला आणि संध्याकाळी वाड्याच्या तोंडापर्यंत गेलो. आतून रडण्याचा आवाज येत होता, एका घरातून नाही, सगळ्याच घरांतून. पुढे जाण्याचं धैर्य झालं नाही. आणि हॉकीचा पेढा घेऊन तिथे जाणारा मी कोण? परत येताना तो तलावात टाकला.

१२ डिसेंबर, बुधवार

आज लटारू मैदानावर आला. बाकीची मुलं त्याच्याशी हळू बोलत होती. मनसारामने स्वतःची शाळेची स्टिक त्याला दिली आणि स्वतः वाकडं लाकूड घेतलं.

मी सगळ्यांना सांगितलं की महिनाअखेर मी जाणार. नवा मास्तर येईपर्यंत सराव कुणी घ्यायचा, असं वारलूने विचारलं. शिट्टी आणि घड्याळ मी लटारूच्या हातात दिलं. हातात, नीट. मनसारामचा चेहरा पाहिला, तिथे हरकत नव्हती. गुणवंतरावांना उद्या कळेल, हेडमास्तरांची मान डोलेल. डोलू दे. मला ते आता आधी विचारायचं नाही.

लटारूने हाफटाइमची शिट्टी वाजवली. सगळे पाळ चढून गेले. बुधू शाळेतून माझ्यासाठी तांब्या घेऊन आला होता. मला पाणी नको म्हणालो आणि त्यांच्यामागे गेलो.

पाळ चढताना माझी चप्पल तुटली. ती काढण्यात वेळ गेला. पलीकडे मुलं ओळीने ओणवी होती, म्हशी होत्या, वास होता. मला बघून कुणी उठलं नाही. या वेळी ओरडायलाही मी आलो नव्हतो. ओळीच्या शेवटी वारलूने थोडं सरकून जागा केली.

मी गुडघे टेकले. चिखल धोतरातून आत आला, गार आणि बुळबुळीत, आणि घशाशी तीच जुनी शिसारी आली. ती गिळली. दोन्ही हात पाण्यात घातले आणि ओंजळ भरली. बाकीच्यांचं पिऊन होत आलं होतं, एकेक जण तोंड पुसत उठत होता. ओंजळीत एक बारीक काडी तरंगत होती, ती अंगठ्याने बाजूला करत होतो.

माझ्या मागे लटारू येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात माझं घड्याळ होतं.

"सर," तो म्हणाला, "पाच मिनटं झाले."

आणि त्याने शिट्टी वाजवली. मी ओंजळ सोडून दिली आणि उठलो.